मार्गारेटचा देव

काल बेकरीत दालचिनीचा वास आला आणि कॅल्गरीतला आमचा पहिला हिवाळा आठवला. नागपूरला आई वारली होती आणि मला तिकडे जाता आलं नव्हतं. शेजारची म्हातारी मार्गारेट दालचिनीचा गरम ब्रेड घेऊन आली. ही चर्चवाली, आता मला बाटवायला बघणार, या संशयाने मी तिच्या हातातल्या पिशवीतून बायबल निघतं का, यावरच नजर ठेवून होते.

"देव आपला बाप आहे," ती म्हणालीच.

मी तडकले. "मग माझी आई का नेली त्याने?"

"माहीत नाही गं. माझाही मुलगा गेला. पण देवाचाही मुलगा क्रुसावर मेला, हे दुःख त्यालाही ठाऊक आहे, म्हणून मला त्याच्याशी भांडता येतं."

तिचा देव मला अजूनही पटत नाही. पण त्या दुपारी आम्ही दोघी त्याच्याशी रडरडून भांडलो.