सिनेमातलं घोरणं

अख्ख्या अमेरिकेत इंडोनेशियन सिनेमाला वाली कोण, असं कुणी विचारलं तर मी बेधडक पार्सिपनीतल्या आमच्या शेजारच्या मावशींकडे बोट दाखवीन. काकांच्या कापडगिरणीतल्या नोकरीपायी मावशींचा निम्मा संसार इंडोनेशियात, सुरबायात झाला. तिथे टीव्हीवर लागणारे सिनेमे त्यांनी टेपांवर उतरवले, आणि काका गेल्यावर लेकीकडे आल्या त्या साड्या तिथेच वाटून, बॅगा भरभरून टेपा घेऊन! टेपांना बुरशी लागू नये म्हणून नव्या बुटांच्या खोक्यातल्या, ओल शोषणाऱ्या पुड्या त्यांना हव्या असत. माझ्या पायात नवे बूट दिसले की "छान आहेत हो" वगैरे काही नाही, थेट "पुडी कुठाय?" एकदा फेकून दिली म्हटलं, तर आठवडाभर अबोला.

दोन हजार सात साली मी त्यांना इंटरनेटवर व्हिडिओ अपलोड करायला शिकवलं आणि स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. दर शनिवारी बोलावणं! टेप कॉम्प्युटरवर उतरत असताना मावशी दूध तापत ठेवल्यासारख्या समोर बसून राहायच्या. तेवढ्या वेळात मिक्सर लावायची लेकीची टाप नव्हती.

त्यात कोळ्याच्या बायकोचा एक सिनेमा होता. तेव्हा व्हीसीआर बिघडलेला, म्हणून टीव्हीपुढे कॅमेरा ठेवून घेतलेला. शेवटी नायिका धक्क्यावर नवऱ्याची वाट बघतेय, संगीत थांबतं, आणि घर्रर्र! कोचावर झोपलेले काका! जाकार्ताच्या कुणीतरी खाली कॉमेंट टाकली, "नवऱ्याची मोटरबोट आली वाटतं!" मावशी पोट धरधरून हसल्या.

मग जुन्या सिनेमांचा अभ्यास करणाऱ्या तिथल्या एका मुलीची ईमेल आली. या सिनेमाची दुसरी कॉपी तिला कुठेच मिळाली नव्हती. तेवढं घोरणं काढून टाकून सिनेमा द्याल का?

मावशींनी ईमेल दोनदा वाचली. "अरे, यांचा दुसरा कुठलाच आवाज नाही माझ्याकडे."

"मग राहू द्या ना, मावशी. मरू दे तो सिनेमा."

"मरू दे काय? पुड्या काय उगाच जमवल्या?" माझ्यावरच खेकसल्या. मग तोंड फिरवून म्हणाल्या, "काढ."

मी काढला, वेगळा सेव्ह केला आणि सीडीवर घालून त्यांच्या हातात दिला. त्या बघतच राहिल्या. कापलेला आवाज असा ठेवता येतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. टेपवरूनही कायमचा जाणार, असं धरूनच त्या 'काढ' म्हणाल्या होत्या.

"सिनेमा त्यांचा," मावशी म्हणाल्या, "हे माझं." सीडी स्टीलच्या डब्यात ठेवून त्यांनी वर दोन पुड्या टाकल्या आणि झाकण घट्ट लावलं. सीडीला पुडी लागत नाही, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.