तिसऱ्या फ्रेममधली सही

दुकानावर पाटी बाइंडिंगची होती, पण गल्लीत त्यांना बाइंडर कोणी म्हणत नसे. सगळ्यांचे ते राष्ट्रपतीकाका. नवे राष्ट्रपती शपथ घेतात न घेतात तोच काकांचं पत्र निघायचं, आणि सहीचं उत्तर येईपर्यंत पोस्टमनची धडगत नसायची. चाळीस वर्षांत आठ सह्या जमल्या. "भिंतीवर आठ परके पुरुष, आणि आपल्या लग्नाचा फोटो ट्रंकेत!" काकू ऐकवायच्या.

आता काकांचे गुडघे कुरकुरू लागले होते, आणि मुलाला या कागदांत काडीचाही रस नव्हता. आपल्यामागे सगळं रद्दीत जाणार, या धास्तीने काकांनी संग्रहालयाला लिहिलं. तिथल्या बाई भिंग घेऊन आल्या आणि तिसऱ्या फ्रेमपाशी थबकल्या.

हे हंगामी राष्ट्रपती अवघे काही आठवडे खुर्चीवर होते. शाळेची पुस्तकं नुसती चिकटवू नका, दोऱ्याने शिवून घ्या, पोरांच्या हातात पानं सुटून येतात, असं काकांनी त्यांना कळवलं होतं. 'तसा आदेश आजच दिला आहे,' असं तारीख घातलेलं उत्तर आलं होतं.

"या आदेशाचं श्रेय आम्ही आजवर पुढच्या राष्ट्रपतींना देत आलोय," बाई हरखून म्हणाल्या. "इतिहासाचं पान बदलावं लागणार, काका!"

काकांनी फ्रेमकडे पाहिलं. ती फ्रेम कित्येक वर्षं उन्हात होती. सही पार उडाली, तेव्हा त्यांनीच एका दुपारी ती आपल्या पेनाने गिरवली होती. काकूंनाही पत्ता नव्हता. गप्प बसावं तर संग्रह मार्गी लागतोय. बोलावं तर आठही सह्या खोट्या ठरायच्या.

"बाई, ती सही मी गिरवलीय," ते म्हणाले.

बाईंनी कागद उजेडात तिरका धरून बराच वेळ पाहिला. "खाली जुन्या रेघेचा दाब दिसतोय. तुम्ही बोलला नसता आणि उद्या हे दुसऱ्या कोणी पकडलं असतं, तर अख्खं पत्रच बनावट ठरलं असतं. कधी, कशाने गिरवली, सगळं लिहून द्या. पत्रासोबत तेही आम्ही जपू. आठही पत्रं मी घेऊन जाते."

काकांनी शाईच्या रंगापर्यंत सगळं लिहिलं.

"काका, खाली सही राहिली."

चाळीस वर्षं सह्या मागणाऱ्या माणसाची सही आज पहिल्यांदाच कोणी जपून ठेवायला मागत होतं. काकांनी पेन पुन्हा उघडलं. डोळे भरून आले.

काकू शेजारी येऊन वाकल्या. "ठसठशीत करा हो. पुढे कोणावर गिरवायची वेळ नको."