व्युत्पत्तीराव आणि फेसाळ दूध

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे व्युत्पत्तीराव म्हणत, तेही तोंडावर. माणूस भला, पण समोरच्याचा शब्द चुकला की यांना चैन पडायचं नाही. त्या हिवाळ्यात 'फ' हे अक्षर त्यांच्या वाट्याला आलं आणि ते 'फेसाळ'पाशी अडून बसले. मूळ शब्द फेस, त्याला 'आळ' लागला. रस असतो ते रसाळ, फेस असतो ते फेसाळ. इथवर सोपं होतं. पण फेस जिरल्यावरही ते दूध फेसाळच म्हणायचं का, यावरून त्यांनी सगळ्या कचेरीचं डोकं खाल्लं.

घरी बायकोला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हातपाय सुधारले, शब्द मात्र निसटले. डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यांना बोलत्या ठेवा. व्युत्पत्तीरावांनी ते मनावर घेतलं, पण आपल्या पद्धतीनं. रोज संध्याकाळी ते उंचावरून दूध ओतून वर फेस आणत, पेला तिच्यापुढे धरत आणि विचारत, हे दूध कसं आहे?

"लोकर," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

"लोकर नाही. फेसाळ. फेस, त्याला आळ."

दुसऱ्या दिवशी ती 'ढग' म्हणाली, मग 'उशी'. दरवेळी ते न चिडता दुरुस्त करत, छापायला जायचा मजकूर तपासावा तसं. हळूहळू ती नुसतं बोट दाखवू लागली. पुढे तेही थांबलं.

एकदा ते कचेरीतून लवकर परतले, तर स्वयंपाकघरातून तिचा आवाज. लेकीशी गप्पा चालल्या होत्या. चमच्याला किल्ली म्हणत होती, खिडकीला मावशी, आणि दोघी हसून बेजार. ते हरखून आत गेले. तिनं तोंड मिटलं.

लेक हळूच म्हणाली, "बाबा, ती तुम्हाला घाबरते हो. माझ्यापुढे तिला चुकता येतं."

ते बायकोजवळ बसले. "लोकर म्हण. काय वाटेल ते म्हण. मी चकार शब्द काढणार नाही."

तिनं त्यांच्या ओठांकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

तेव्हापासून मायलेकी गप्पांना बसल्या की व्युत्पत्तीराव दाराबाहेर स्टूल घेऊन बसतात, भिंतीला पाठ लावून. आत ती बोलत असते, भरभरून, सगळं चुकीचं. खोकला आला तर ते रुमाल तोंडात कोंबतात, आपण इथे आहोत हे तिला कळू नये म्हणून.