शेखसरांचा ‘शेजार’ तास

आमचे शेखसर उभ्या आयुष्यात लोणावळ्याच्या पलीकडे गेले नव्हते, आणि आम्हांला शिकवत होते ढाका, काठमांडू, कोलंबो. हॉटेल मॅनेजमेंटच्या आमच्या कॉलेजात ते वाढप शिकवत. पाठ इतकी ताठ, की गवंड्यांनी ओळंबा विकून टाकावा.

दर शनिवारी त्यांचा ‘शेजार’ नावाचा तास असे. पुण्यात शिकायला आलेल्या शेजारदेशांच्या मुलांना ते घरी जेवायला बोलावत आणि घासागणिक प्रश्न विचारत. एका भूतानी मुलाला त्यांनी मिरचीबद्दल इतकं छळलं, की त्याने शेवटी आईलाच फोन लावून दिला. पुढचा पाऊण तास दोघं बोलत होती; एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती.

“सरकारं करार करतील तेव्हा करतील,” सर म्हणत, “हॉटेलं त्याआधी एक होतात. हाताखाली नेपाळी, डोक्यावर सिंहली आणि समोर बंगाली पाहुणा असेल. तिथे पुणेरी बाणा नेऊ नका, कस्टमवाले अडवतील.”

प्राचार्यांना हा तास खुपत होता. “अभ्यासक्रमात नाही, शेखसर. ढाक्याच्या हॉटेलवाल्या बाई मुलं निवडायला येताहेत. एक जरी निवडला, तर तास ठेवू. नाहीतर शनिवारी केक शिकवा.”

बाई आल्या. वाढायला मी होतो. ऐटीत गेलो आणि आधी वरणभात वाढला, वर तूप. बाईंनी चार घास खाल्ले आणि हात धुवायला खुर्ची मागे सारली.

तेव्हा कुठे मला आठवलं. त्यांच्याकडे डाळ शेवटी येते. डाळ आली की जेवण उरकलं. सरांनी हे सतरा वेळा सांगितलं होतं, पण माझ्या हाताला आईने वीस वर्षं शिकवलं होतं. प्राचार्य घड्याळ बघू लागले. सर भिंतीकडे बघत होते.

“मॅडम, चूक माझी,” मी हिंदीत म्हणालो. “आमचं जेवण इथून सुरू होतं, हात सवयीने गेला. बसा, तुमच्या पद्धतीने पुन्हा वाढतो.”

ताट बदललं. आधी भरीत, मग भाजी, मग मासा, आणि अगदी शेवटी डाळ. बाईंनी मासा दोनदा मागून घेतला. मी सगळीकडे ‘पाचदा’ असं सांगतो.

“चुकतात सगळेच,” त्या प्राचार्यांना म्हणाल्या. “आपण कुठे चुकलो, हे याला कळलं.” त्यांनी माझ्यासकट तिघे निवडले, आणि ‘शेजार’ कॉलेजच्या वेळापत्रकात छापून आला.

मी पाया पडायला वाकलो. सर म्हणाले, “अहो, उठा. मॅडमच्या पाण्याचा पेला मघापासून रिकामा आहे.”

गेल्या वर्षी सर गेले. मला ते ढाक्यात कळलं. आमच्या हॉटेलात वाढपी चार देशांचे आहेत आणि दर शनिवारी मी त्यांचा ‘शेजार’ घेतो. त्या दिवशी तासभर सरांबद्दलच बोललो. सगळं ऐकून काठमांडूची एक मुलगी म्हणाली, “सर, ते होते तरी कुठल्या देशाचे?”

मी छाती फुगवून सांगितलं, “नारायण पेठेचे.”