टाचणीकाकूंचा दात

गल्लीत त्यांना सगळे टाचणीकाकू म्हणत. शाळेचे गणवेश शिवता शिवता ओठांच्या कोपऱ्यात दोन-तीन टाचण्या धरायच्या आणि तशाच पुटपुटायच्या, ही त्यांची खोड. नवरा बसचालक. तो म्हणायचा, "हिच्या तोंडात टाचण्या आहेत तोवरच घरात शांतता!"

निवृत्तीनंतर वर्षभरातच त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. उरला एकच शब्द, "हो". काकू विचारायच्या, "अहो, पेज देऊ?" "हो." "की उपाशी ठेवू?" "हो." मग काकू हसायच्या, आणि तोंडाची एक बाजू वाकडी करून तोही हसायचा.

एका सकाळी त्याला कुशीवर वळवताना त्याचा तोल गेला. घाबरून त्याने धड असलेला डावा हात झटकला आणि कोपर काकूंच्या तोंडावर बसलं. पुढचा दात अर्धा तुटला. उशीवर रक्त पाहून तो लहान मुलासारखा रडायला लागला.

"काही नाही झालं हो," काकू पदराने तोंड दाबत म्हणाल्या. पण श्वास आत घेतला तरी डोक्यात कळ जात होती.

नणंद शेजारच्याच गल्लीत राहायची. तिला भावाजवळ बसवून काकू तशाच दवाखान्यात गेल्या.

दातांची डॉक्टरीण तरुण होती, बोलायला मोकळी. "काकू, दाताच्या आतला गर उघडा पडलाय. नस मारून दात भरता येईल. पण छिद्र बारीक आहे, लागलंय आत्ताच. गर जिवंत ठेवून बघूया का?"

"कसा?"

"औषधाचा लेप लावून झाकायचा. आणि लेझरचा मंद उजेड द्यायचा. त्याने सूज उतरायला, गर भरून यायला मदत होते, असं दिसतंय. मुख्य काम लेपाचं. उजेड आपला हात द्यायला. खात्री मात्र देत नाही."

"तुटका दात दिसायला नको, एवढंच बघा," काकू म्हणाल्या. "ह्यांना रोज दिसेल."

डोळ्यांवर गडद चष्मा, हिरडीशी टेकलेली पेनासारखी कांडी, तिच्या टोकाला लाल उजेड. ना ऊब लागायची, ना टोचायचं. ठरल्या दिवशी काकू यायच्या आणि त्या खुर्चीत पाठ टेकायच्या. एकदा डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "दुखतंय का?" आणि काकूंच्या चष्म्याखालून पाणी ओघळलं.

"दात नाही हो दुखत," त्या म्हणाल्या. "कुणी विचारतच नाही ना, म्हणून."

घरी नवरा रोज संध्याकाळी डावं बोट त्यांच्या ओठाला लावायचा. तुटक्या दातावर तात्पुरतं झाकण होतं, ओबडधोबड. गर तगला अशी खात्री झाल्यावरच डॉक्टरीणबाई दात पुरा बांधणार होत्या.

"होतोय बरा," काकू सांगायच्या. "अख्खा झाला की आधी तुम्हालाच दाखवीन." "हो," तो म्हणायचा, आणि नजर खाली वळवायचा.

त्याला ताप भरला. कफ छातीत उतरला. इस्पितळात नेलं, पण तो परतला नाही.

काकूंनी दवाखान्याचं नाव टाकलं. शेवटी नणंदच हाताला धरून घेऊन गेली. "वहिनी, दादाच्या मनाला तेवढंच लागून होतं. अर्धवट नका सोडू."

गर जिवंत आहे का ते बघायला डॉक्टरीणबाईंनी कापसाचा थंडगार बोळा दाताला लावला. काकू दचकल्या. गार कळ आली आणि लगेच विरली.

"जिवंत आहे!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छान तग धरलाय गराने." मग त्यांनी दात बांधला, रंग जुळवला, घासून गुळगुळीत केला आणि आरसा हातात दिला.

काकू बराच वेळ आरशात बघत राहिल्या.

"दिसतोय अगदी पहिल्यासारखा," त्या म्हणाल्या. "आता दाखवू कुणाला?"

डॉक्टरीणबाईंनी आरसा काढून घेतला आणि काकूंचा हात हातात धरून नुसत्या बसून राहिल्या.

काकू घरी आल्यावर, नवऱ्यासाठी भाड्याने आणलेली चाकांची खाट न्यायला माणसं आली. खाट दारातून तिरकी करून काढावी लागली. जमिनीवर तिच्या चाकांचे वळ राहिले. नणंद फडकं ओलं करून पुसायला बसली, तशी काकू म्हणाल्या, "राहू दे गं. आज नको."