महारुद्राची खुराकी

कळंबच्या सारजाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण निजामाच्या अदालतीतला उर्दू निकाल तिला तोंडपाठ होता. महारुद्रानं तिची दुभती म्हैस नेली आणि पैसे बुडवले. मुन्सिफानं एकशे साठ हाली, म्हणजे निजामी, रुपयांची डिक्री दिली, त्यालाही दोन वर्षं झाली. जप्ती न्यावी तर शेत भावाच्या नावावर, बैल मेव्हण्याचे. पैशाच्या पेटीची किल्ली त्याच्या बायकोच्या, शांताक्काच्या कमरेला, आणि पेटी म्हणे तिच्या माहेरची.

शेवटी सारजाबाईनं त्याला अटक करवली. महारुद्र अदालतीतल्या दिवाणी कोठडीत हसतच गेला. कायदा त्याला पाठ होता. आतल्या माणसाची खुराकी, म्हणजे जेवणाचा खर्च, अटक करवणाऱ्यानंच भरायची. एक दिवस खाडा झाला की माणूस सुटला, आणि त्याच डिक्रीवर त्याला पुन्हा धरता येत नाही.

"भरा सारजाबाई," तो गजाआडून म्हणाला. "दोन महिने तरी म्या हितून हालत न्हाय."

तिच्याकडं पाच दिवसांपुरते पैसे होते. त्यात महारुद्रानं तक्रार केली, की बाजारातल्या भाकरीनं पोट दुखतं. सारजाबाई लगेच मुन्सिफापुढं उभी राहिली. पैशाऐवजी घरचं जेवण आणून देते, म्हणाली. महारुद्रानं खुशीनं सही केली.

घरात ज्वारी आठवड्याची, आणि विकायला ठेवलेलं गाडगंभर तूप. तेवढ्यात काम झालं तर झालं.

दुसऱ्या दिवशी धुवट इरकल नेसून, पितळी डबा घेऊन ती निघाली. अदालत जवळ होती, पण ती वळसा घेऊन महारुद्राच्या गल्लीनं गेली. दारात थांबून तिनं अदबीनं विचारलं, "शांताक्का, तुमच्या मालकास्नी शेंगाची चटणी झणझणीत लागती का बेताची?"

शांताक्कानं दार लावलं.

तिसऱ्या दिवशी तिनं तुपाचं विचारलं. चौथ्या दिवशी काहीच विचारलं नाही. नुसती दारावरून गेली, मागं धपाट्यांचा वास ठेवून. आडावरच्या बायका आता डब्याची वाट बघू लागल्या. चपराशी गफार तर खोटं कधी बोलायचा नाही. जो विचारील त्याला सांगायचा, की सारजाबाई समोर बसून वाढते आणि महारुद्र दोनदा मागून घेतो. त्यातच महारुद्रानं गफारकडूनच घरी निरोप धाडला, की इथं सगळं झकास आहे, काळजी करू नये.

पाचव्या दिवशी डबा अदालतीत पोचायच्या आधीच शांताक्का पोचली होती. तिनं पदराची गाठ सोडून एकशे साठ रुपये आणि वरचा खर्च कारकुनापुढं ठेवला.

"पावती माझ्या नावानं करा," ती म्हणाली. "ह्यांच्या न्हाय."

महारुद्राला बाहेर आणलं, तसा तो कळवळला. "अगं, आणखी दोन महिने काढले असते की म्या हितं."

"म्हाईत हाय. त्येच ऐकून आले. चला पुढं."

सारजाबाईनं कागदावर अंगठा उठवला. महारुद्र फाटकापाशी जरा रेंगाळला, डब्याकडं बघून काय आणलंय म्हणून विचारू लागला. शांताक्कानं त्याला बोलू दिलं नाही.

त्या दिवशीची वांगी आणि गरम भाकरी गफारनं लिंबाखाली बसून खाल्ली. सारजाबाईनं त्याला तूप मात्र वाढलं नाही. आता ते विकायचं होतं.