शेवटी उघडायचा लखोटा

ज्या लखोट्यावर लाल अक्षरांत ‘सर्वांत शेवटी उघडा’ असं छापलं होतं, तो मी सर्वांत आधी उघडला. भर दुपारी, स्वयंपाकघराचं दार लावून, चहाच्या पातेल्याच्या वाफेवर धरून. ते कोणाचं खाजगी पत्र नव्हतं की कोर्टाचा कागद नव्हता. एका खेळाचं उत्तर होतं. दहा वर्षांवरच्या मुलांसाठी, असं डब्यावर लिहिलेलं, आणि मी तेव्हा पासष्ट वर्षांची. आज बहात्तरीत बसून त्या पासष्टच्या पोट्टीकडे पाहते तेव्हा वाटतं, हिचा कान धरायला घरात कोणी मोठं माणूस असायला हवं होतं.

तरी तिची बाजू सांगते. मी नाही सांगणार तर कोण सांगेल?

मला पहिल्यापासून रहस्यकथांचं वेड. लग्न होऊन रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात आले तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी पुस्तकं भाड्यानं देणारं एक दुकान होतं. खून, दरोडे, हरवलेले हिरे, सगळं हिंदीत, पिवळ्या कागदावर. मी ती पुस्तकं गव्हाच्या डब्यात लपवायची. आपली सून गव्हाला फार जपते, दिवसातून चारदा डबा उघडून पाहते, असं सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगत. नोकरी लागली, हातात स्वतःचा पगार आला, तेव्हा हे वेड प्रवासाला निघालं. लोक बनारसला जाऊन घाट पाहतात. मी एक बोळ पाहिला, जिथं जुनी कॉमिक्स दोरीवर लुगड्यांसारखी वाळत घातलेली होती. कोलकात्यात मी फुटपाथवर बसकण मारली की हे पलीकडे उभे राहून शेंगदाणे खात. दोन पुड्या संपल्या की खाकरत. तिसरी घेतली की मी समजायची, आज माणूस खुशीत आहे.

हे गेले आणि प्रवासातला तो शेंगदाण्यांचा टेकू गेला. पण तोवर नात पाच वर्षांची झाली होती आणि चित्रांवर बोट ठेवून वाचायला लागली होती.

नात आमच्याजवळच राहते, रायपुरात. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते, आणि आमचं छान चालतं. तिला मी या धंद्यात घेतलं. लग्नाला नागपूरला गेलो की मांडवातून निसटून आधी जुन्या पुस्तकांच्या दुकानात. भिलाई, बिलासपूर, जबलपूर, कुठंही गेलो तरी पहिला प्रश्न रिक्षावाल्याला. काही नसलं तर आपल्या रायपुरातच, गुढ़ियारी बाजारातला रद्दीवाला होताच. त्याच्या गोदामात तागाच्या पोत्यांमागे कॉमिक्सचा ढीग असायचा आणि तो ढीग फक्त आम्हा दोघींना माहीत होता. निदान मी तरी तसंच धरून चालले होते.

जुनं कॉमिक घ्यायची एक रीत असते. आधी मधल्या पिना पाहायच्या, गंजून कागद फाटला तर नाही ना. मग मागचं पान आहे का ते पाहायचं, पण डोळे अर्धे मिटून, म्हणजे शेवट कळू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आतली कोडी पाहायची. आधीच्या मालकानं पेनानं कोडं सोडवून ठेवलेलं असेल तर कॉमिक कितीही सुंदर असो, परत ठेवायचं. ही रीत नातीला मीच शिकवली. ती इवल्या बोटांनी पानं उलटायची आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, आजी, जूठा है. उष्टं आहे, म्हणून परत.

सगळं नीट चाललं होतं. मग विहीणबाईंनी दुकानं शोधली.

विहीणबाई पुण्याच्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. ताठ बसतात, हळू बोलतात, आणि हरल्या तरी हसतात. मला हा गुण माणसात असतो यावर तोवर विश्वास नव्हता. नात सुटीत त्यांच्याकडे जाऊन आली की महिनाभर जेवताना पुणेवाल्या आजीचीच पारायणं. पुणेवाल्या आजीनं एका दुकानात नेलं. तिथं नुसते खेळच खेळ, भिंतभर. टेबलं मांडलेली, तिथंच बसून खेळायचं, वाटेल तेवढा वेळ. पुणेवाल्या आजीला सगळे नियम पाठ. पुणेवाल्या आजीनं रेल्वेमार्ग बांधायच्या खेळात अख्खा देश जोडला. मी भात वाढत म्हणायची, हव, हव, फार छान. आणि भात जरा जोरात आपटायची.

त्या वर्षी पुण्यात एका लग्नाला जायचं निघालं. लग्न कोणाचं होतं हे मला आज आठवत नाही, इतकी मी त्या दुकानासाठी गेले होते.

दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. आत धूळ नाही, वास नाही, पोती नाहीत. थंडगार हवा आणि चकचकीत डबे, एकेक उशीएवढा. मला वाटलं होतं तिथं पोरंटोरं असतील, तर चांगले दाढीवाले इंजिनियर पत्ते प्लास्टिकच्या पिशव्यांत घालत बसले होते, एकेक पत्ता एकेका पिशवीत, मी पापड डब्यात ठेवते तसे जपून. आणि दुकानातली मुलगी विहीणबाईंना पाहून उठून उभी राहिली. काकू, तुमचं टेबल रिकामं ठेवलंय, म्हणाली. तुमचं टेबल! पस्तीस वर्षं मी देशभरातले फुटपाथ झिजवले, पण कोणी माझ्यासाठी वीतभर जागा राखून ठेवली नव्हती.

नात त्यांचं बोट धरून आत पळाली. माझं बोट तिथंच दारात, हवेत.

मी एक डबा उघडून सवयीनं वास घेतला. दुकानातल्या मुलीनं विचारलं, आजी, काही हवंय का? त्या काकू आणि मी आजी. आम्हा दोघींत वर्षाचंही अंतर नसेल. मी म्हटलं, वास पाहून राहिले. ती नम्रपणे हसली. नात मात्र पलीकडच्या टेबलावरून, जरा लाजल्यासारखी, म्हणाली, आजी, यहाँ सूँघते नहीं हैं.

तिथंच विहीणबाईंनी तो डबा घेतला. एका डोंगरावरच्या हवेलीतून हार चोरीला जातो. डब्यात हवेलीचा नकाशा, नोकरांचे जबाब, रेल्वेचं तिकीट, डॉक्टरची चिठ्ठी, आणि तो काळा लखोटा. सगळे कागद वाचून ज्यानं त्यानं आपलं उत्तर लिहायचं आणि मग लखोटा फोडायचा. दुकानातल्या मुलीनं बजावून सांगितलं की हा खेळ एकदाच खेळता येतो. उत्तर कळलं की डबा संपला. दिवाळीच्या सुटीत विहीणबाई रायपूरला येणार होत्या, तेव्हा तिघींनी मिळून खेळायचा असं ठरलं. नातीकडे दिला तर तिला धीर निघणार नाही, म्हणून विहीणबाईंनी डबा माझ्या हातात ठेवला. तुम्हीच सांभाळा, म्हणाल्या.

माझ्या कपाटात, पंडरीच्या कापडबाजारातून आणलेल्या नव्या साड्यांच्या खाली, तो डबा दीड महिना होता. पहिला महिना मी त्याला हात लावला नाही, हे कृपा करून माझ्या बाजूनं लिहून घ्या. पण रोज दुपारी नात शाळेत आणि सून ऑफिसात गेली की मला ते टेबल दिसायचं. तिथं विहीणबाई जिंकतील. किंवा त्याहून वाईट, हरतील आणि हसतील. खून-दरोड्यांची पुस्तकं वाचण्यात मी आयुष्य घातलं, आणि गणिताच्या बाईंनी येऊन माझ्या घरात माझ्या नातीसमोर चोर पकडायचा? मग एका दुपारी मी चहा टाकला आणि त्यात साखर घालायला विसरले, कारण चहा प्यायचा नव्हता.

चोर डॉक्टर होता. हार भिंतीवरच्या घड्याळात.

उत्तर कळून जो आनंद व्हायचा तो पातेलं उतरवेपर्यंत टिकला. मग लक्षात आलं की लखोट्याचा गोंद वाफेनं विरघळला आहे. घरातली गोंदाची बाटली वाळून दगड झालेली, नातीचा गोंद तिच्या दप्तरात. बाजारात जायला उठले तर शेजारीण कुठं निघालात विचारणार. तेव्हा मी तेच केलं जे माझी आई आंतर्देशीय पत्राला करायची. सकाळच्या भातातली दोन शितं घेतली, बोटानं चिरडली, लखोट्याच्या दुमडायच्या पालवाला लावली, आणि वर वरवंटा ठेवून दिला. लखोटा असा घट्ट बसला की मलाच माझं कौतुक वाटलं.

दिवाळीनंतरच्या दुपारी आम्ही तिघी बसलो. सून चिवडा ठेवून गेली. नातीनं नकाशा पसरला, जबाब वाटले. त्या दिवशीची मी आठवली की अजून हसू येतं. चष्मा नाकाच्या टोकावर. एकच जबाब तीनदा वाचणं. मध्येच मोठा उसासा टाकून गच्चीवर जाणं, हात पाठीमागे बांधून दोन फेऱ्या मारणं आणि परत येऊन, हं, असं म्हणणं. विहीणबाई वहीत तक्ते आखत होत्या. नात दोघींकडे पाहत होती, पण जास्त माझ्याकडे. ते मला फार दिवसांनी मिळालं होतं, आणि मी ते चाटून पुसून घेतलं.

चिठ्ठ्या लिहिल्या. विहीणबाईंनी माळी लिहिला. नातीनं मालकिणीची भाची. मी डॉक्टर लिहिला, घड्याळ लिहिलं, आणि हावरटपणानं, घड्याळ किती वाजता बंद पडलं होतं तेही लिहिलं.

नातीनं लखोटा उचलला, पालव ओढला. तो कोरडा आवाज करून सुटला आणि आतून एक वाळलेलं शीत नकाशावर पडलं, बरोबर हवेलीच्या फाटकासमोर. पिवळं, चपटं. आपल्याकडे त्याला ओळखायला कोणाला भिंग लागत नाही.

विहीणबाईंनी ते शीत बोटानं टिपलं, पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या की छापखान्यातली माणसं जेवणाचा डबा खाता खाता लखोटे चिकटवत असतील. इतकं वाईट खोटं एका गणिताच्या बाईंनी माझ्यासाठी बोलावं, हे मला चोरी पकडली गेल्यापेक्षा जास्त झोंबलं. नातीनं माझी चिठ्ठी वाचली, मग लखोट्यातला कागद वाचला, मग पुन्हा माझी चिठ्ठी.

“आजी, आपने तो जूठा कर दिया,” ती म्हणाली.

आणि डबा उचलून आपल्या खोलीत गेली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली ते फक्त पोळी नको, भाजी हवी एवढंच. मी तिच्या आवडीचे अनारसे केले. तिनं ते खाल्ले आणि थँक्यू म्हटलं. घरच्या पोरीनं आजीला थँक्यू म्हटलं की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी नात आणि विहीणबाई कुठंशी निघाल्या. मी विचारलं नाही. सूनबाईंनी सहज सांगितलं, गुढ़ियारीला गेल्यात, तिला पुणेवाल्या आजीला कुठलं तरी रद्दीचं दुकान दाखवायचं होतं.

त्या चार तासांत मी सगळं घर घासलं. माझ्या डोळ्यांसमोर तो पोत्यांमागचा ढीग होता आणि त्यात दोन डोकी, एक काळं आणि एक पांढरं, आणि पांढरं माझं नव्हतं. ती त्यांना पिना कशा पाहायच्या ते शिकवत असेल. डोळे अर्धे मिटायला सांगत असेल. आमचा रद्दीवाला चहा मागवत असेल. पुण्याचं ते चकचकीत दुकान, ते टेबल, ते दाढीवाले इंजिनियर, सगळं मी सोडून दिलं असतं. पण गुढ़ियारी माझी होती. पासष्ट वर्षांची बाई पितळेच्या डब्यावर चिंच चोळत रडत होती, एका रद्दीच्या ढिगासाठी. आज हसते मी तिला. तेव्हा कोणी हसलं असतं तर तोच डबा फेकून मारला असता.

त्या परत आल्या तेव्हा नातीच्या कोपरापर्यंत धूळ होती आणि बगलेत तीन कॉमिक्स. ती हात धुवायला मागच्या नळावर गेली. विहीणबाई स्वयंपाकघरात आल्या, स्वतःच माठातलं पाणी घेतलं आणि खाली माझ्यासमोर बसल्या. मी मान वर न करता म्हटलं, “काहून, झालं का आमचं दुकान पाहून? आता तिथंही तुमच्यासाठी टेबल मांडायला सांगते.”

त्यांनी पेला संपवला. पदरानं ओठ टिपले. आणि त्या जे बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण त्यातला एकही शब्द मी विसरलेली नाही.

“विहीणबाई, माझ्याकडे आली आणि आम्ही घरी थांबलो ना, की ती तुमच्याबद्दलच बोलत राहते. आमची आजी असं करते, आमची आजी तसं म्हणते. आज चार तास तेच ऐकून आले. पुण्यात मी तिला त्या खेळांच्या दुकानात नेते ते एवढ्याचसाठी, की तिथं आवाज असतो आणि ती जरा गप्प बसते. बाकी त्या खेळांचे नियम वाचले की माझं डोकं दुखतं हो.”